रांगेतले दगड

कांताबाई निखाडेनं माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. चहा ओढणीवर सांडला, कप कौस्तुभच्या कीबोर्डवर जाऊन पडला. कौस्तुभनं आधी कीबोर्ड उलटा करून झटकला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"यांनी तुला मारलं?"

"मारलं नाई अजून," कांताबाई म्हणाली. "सुरुवात केली."

ती पन्नाशीची, उंच, हाडापेरानं दणकट बाई होती. नवरा गेल्यावर त्याचा ट्रक विकायला निघालेल्या दिरांना तिनं घराबाहेर काढलं होतं आणि ड्रायव्हर ठेवून गाडी चालू ठेवली होती, एवढं मला ऐकून माहीत होतं. तिच्या मागे, आमच्या कंटेनरच्या दारात, काही माणसं उभी होती. एकाच्या हातात टामी होती, चाक काढायची लोखंडी पहार. कोणी आत येत नव्हतं.

"आवरा ना कांताबाई," टामीवाला म्हणाला. "आमाले बाईवर हात टाकता येत नाई, म्हनून तं तुमाले आनलं."

"दम धर. तोंड तं पाहू दे तिचं."

तिनं माझं तोंड पाहिलं आणि दुसरीकडून वाजवली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याचा तो ट्रक यार्ड. मे महिना, भर दुपार. कंटेनरला लोक आमचं ऑफिस म्हणत: दोन टेबलं, एक एसी, एक सर्व्हर. कौस्तुभ आमच्या कंपनीचा इंजिनियर, पुण्याचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं मोठा. मी इतिहासाची एम.ए. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि दर जूनमध्ये पुन्हा बोलावतात की नाही याची वाट पाहत होते. पुण्यातल्या सॉफ्टवेअर सल्लागार कंपनीनं मला घेतलं याचं घरच्यांइतकंच मलाही नवल वाटलं होतं. मुलाखतीत सबनीस सरांनी माझ्या गुणपत्रिका उघडूनही पाहिल्या नव्हत्या.

"कोडिंग?"

"नाही सर."

"एक्सेल?"

"थोडंफार."

"चंद्रपूरकडची बोली?"

"मावशी राजुऱ्याला असते. बोलता येते."

"घाबरता का?"

"कशाला, सर?"

ते हसले आणि म्हणाले, सोमवारपासून या. बोलीमुळे घेतलं, असं मी धरून चालले. यार्ड नीट चालू झाला तर कायम करणार होते, नाहीतर मी होते तिथे परत. माझ्या आधी दोन इंजिनियर तिथं राहून गेले होते. एकाला घरची अडचण आली आणि दुसऱ्याला दुसरीकडे नोकरी लागली, असं मला सांगण्यात आलं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. कारखान्यातून सिमेंट भरण्यासाठी गाड्या पाळीनं आत जातात. गाड्या फार, माल कमी, त्यामुळे नंबर हीच तिथली मिळकत. पूर्वी यार्डाच्या मागच्या भिंतीलगत प्रत्येक गाडीचा एक दगड असे. गाडी यार्डात आली की ड्रायव्हर आपला दगड रांगेत शेवटी ठेवी आणि जेवायला, झोपायला, कुठेही जाई. दुसऱ्याचा दगड कोणी पळवत नसे. कारखान्याच्या साहेबांना हे गावठी वाटलं. त्यांनी गाडीमागे एक स्वस्तातला मोबाइल वाटला आणि त्यात आमचं ॲप घातलं. फोन यार्डाच्या हद्दीत आला की नंबर लागायचा. पाळी आली की फोन वाजायचा. मग 'हजर' दाबायचं आणि अर्ध्या तासात गाडी गेटवर लावायची. दाबलं नाही तर गाडी रांगेच्या शेवटी जायची. दाबूनही गाडी आली नाही तर दोन दिवस बाद.

पहिले काही दिवस बरं चाललं. मग, मी यायच्या आधीपासूनच, माणसं येऊन सांगायला लागली की आम्ही दाबलंच नाही, तरी आमच्या नावावर 'हजर' पडलं आणि आम्ही बाद झालो. कौस्तुभ म्हणायचा, हे लोक खोटं बोलतात. त्याच्या पडद्यावर सगळ्या गाड्या यार्डात दिसत होत्या. याच काळात रवी उरकुडे नावाच्या माणसाची गाडी मात्र एकदाही बाद झाली नाही. तो एका जुन्या गाडीचा मालक आणि ड्रायव्हरही तोच. मावशीच्या गल्लीतला निघाला, म्हणून अधूनमधून कंटेनरमध्ये येऊन माझ्याशी गप्पा मारायचा. यार्डात दोन्ही गोष्टींची बेरीज झाली.

"उरकुड्याले नंबर विकतं का तू?" कांताबाईनं विचारलं.

"नाही ताई. विकता येत नाही. तशी सोयच नाही त्यात."

"माह्यी गाडी तीनदा बाद झाली. तीनदा. ड्रायव्हर म्हनते, बाई मी दाबलंच नाई. मंग भूत आलं का दाबाले?"

तिनं माझं मनगट धरलं. त्या हातातून सुटायला मी जोर लावून पाहिला नाही, कारण त्याचा काही उपयोग झाला नसता. दारातून बाहेर ओढली जात असताना मागे कौस्तुभ फोनवर बोलत होता. आवाज चिरकला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"सर, ते तिलापण मारतायत. हो, बाईच आणलीय त्यांनी मारायला. तुम्ही म्हणाला होतात ना, बाईला हात लावणार नाहीत, म्हणून तर हिला…"

पुढचं ऐकू आलं नाही. त्यानं आतून कडी लावली.

*

उरकुडेला त्याच्याच गाडीच्या मागच्या फाळक्याला बांधलं होतं. दोन्ही हात पसरून, माल बांधायच्या दोरानं. दोघं जण आळीपाळीनं मारत होते. हातात इंजिनाच्या पंख्याचा जुना पट्टा होता. पट्टा उघड्या पाठीवर पडला की ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा आवाज येई. पाठीची कातडी दोन ठिकाणी फाटली होती. खाली धुळीत रक्त पडून काळं झालं होतं आणि त्यात एक दात होता. तो ओरडत नव्हता. ओरडून झालं होतं.

ट्रकमालकांच्या असोसिएशनचे अध्यक्ष बाबाराव ढवस गाडीच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, तोंडात खर्रा. माझ्याकडे बघून त्यांनी बाजूला पिंक टाकली.

"या मॅडम. हा तं काई बोलून नाई राह्यला. तुमी सांगा. किती घेतले?"

"भाऊ, त्याला सोडा. मरेल तो."

"मरन तं मरन. इथं दीडशे गाड्याइचं पोट मरून राह्यलं." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मागच्या पोट्ट्याले आमी इचारलं, तं त्यानं इंग्रजीत सांगतलं. मंग त्याच्या डोक्स्याले सात टाके पडले. तुमी मराठीत सांगा."

घरची अडचण म्हणजे ती.

पट्टेवाल्यानं उरकुडेचे केस धरून डोकं मागे ओढलं आणि कानशिलावर मूठ हाणली. एकदा, मग त्याच जागी परत. उरकुडेच्या उजव्या कानातून रक्ताची धार निघून गळ्यावर आली. मी पुढे झाले, कांताबाईनं मला मागे खेचलं.

"तू बोल आधी."

काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरमधलं मला जेवढं कळत होतं तेवढं सांगून झालं होतं. माझ्याकडे विचारण्याखेरीज दुसरं काही नव्हतं, म्हणून मी विचारलं.

"ताई, तुमचा नंबर बाद झाला त्या दिवशी तुमचा ड्रायव्हर कुठे होता?"

"कोठी म्हंजे? वणीले गेल्ता. कोळशाची खेप होती."

"गाडी घेऊन?"

"नाई, डोक्यावर घेऊन गेल्ता कोळसा." मागे दोघंतिघं हसले. अशा वेळीही हसले.

"आणि फोन?"

"फोन नंबरात होता."

"नंबरात म्हणजे?"

तिनं वेड्या माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं.

मागच्या भिंतीकडे मी कधी गेले नव्हते. तिथं ड्रायव्हर अंघोळी करत, उघडे झोपत, आणि गेटवरच्या माणसानं पहिल्याच दिवशी मला तिकडे न जायला सांगितलं होतं. कौस्तुभ तर एसी सोडून कुठंच जात नसे. ॲप आलं म्हणजे दगड गेले, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

दगड गेले नव्हते. भिंतीलगत, गोणपाटाच्या सावलीत, रंगानं गाडीचे नंबर लिहिलेले दगड एकामागे एक मांडलेले होते आणि प्रत्येक दगडाखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक फोन होता. काहींना चार्जरच्या वायरी होत्या. सगळ्या वायरी विजेच्या खांबावरून ओढून आणलेल्या एका बोर्डात गेल्या होत्या. फार निगुतीनं केलेलं काम होतं. यात काही लपवाछपवी नव्हती. कोणी विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

"पूर्वी, नुसता दगड होता तेव्हा," मी म्हणाले, "पाळी आली आणि माणूस नसला तर काय करायचे?"

"काय कराचं? सरकवाचा," ढवस म्हणाले. "दगड बाजूले सरकवाचा, मागच्याले जाऊ द्याचं. तो आला का त्याची जागा त्याले."

"कोण सरकवायचं?"

"जो तिथं हजर राह्यन तो."

तेवढ्यात रांगेतला एक फोन वाजला.

ॲपची ती धून मी दिवसभर ऐकत असे. यार्डात क्षणभर सगळे थांबले, पट्टेवालाही. उरकुडेनं मान उचलली. एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्यानं तो भिंतीकडे पाहत होता आणि बांधलेल्या हाताची बोटं हलत होती.

"कोनाचा वाजून राह्यला?" तो म्हणाला. तोंडातून शब्दांबरोबर रक्त येत होतं. "दाबा बे कोनी तरी. नंबर जाईन त्याचा."

मला तेव्हा कळलं. त्याच्या गाडीचे टायर घासलेले होते, मधल्या खेपा तो करू शकत नव्हता. म्हणून तो सदैव यार्डात असे आणि म्हणूनच त्याचा स्वतःचा नंबर कधी चुकत नसे. दुसऱ्याचा फोन वाजला, माणूस जागेवर नसला, की तो जाऊन 'हजर' दाबत होता. तिथं जो असेल त्यानं दुसऱ्याचा दगड सांभाळायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. दाबून गाडी आली नाही तर दोन दिवस बाद, हे कलम त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं असेल तर इंग्रजीत.

बाकीच्यांना अजून कळायचं होतं. पण फार वेळ लागणार नव्हता. ढवसांचं खर्रा चघळणं थांबलं होतं. कांताबाई मान वळवून उरकुडेकडे बघत होती. माझ्या मनगटावरची तिची पकड ढिली झाली.

मी हात सोडवला आणि भिंतीकडे धावले. वाजणारा फोन दगडाखालून ओढून काढला, पिशवीसकट दगडावर ठेवला, शेजारचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि त्यावर घातला. धून थांबली. मी पुन्हा घातला. काच आणि बॅटरीचे तुकडे बाहेर आले.

"हे खाते तुमचे नंबर," मी म्हणाले. मावशीच्या घरी बोलत असे तशी बोलत होते, ठरवून नाही. "याले मानूस दिसत नाई. गाडी दिसत नाई. याले फक्त फोन दिसते. फोन इथं, गाडी वणीले, अन् हे सांगते का गाडी यार्डात आहे. उरकुडेनं काई नाई केलं. चूक मशीनची आहे. आमची आहे."

हे बोलू नकोस, असं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. काहीही झालं तरी चूक आमची असं म्हणायचं नाही, करारात ते बसत नाही.

टामीवाला माझ्या शेजारी येऊन बसला, आपला फोन शोधून काढला, एकवार उलटसुलट पाहिला आणि टामीचा एक दणका दिला. त्यानंतर सगळेच आले. भिंतीलगत माणसं उकिडवी बसून फोन फोडायला लागली. शिव्या, काचा, दगडावर दगड. पट्टेवाल्यानं पट्टा टाकला आणि तोही आपला फोन शोधायला लागला. कोणीतरी चार्जरचा बोर्ड उपटला, ठिणग्या उडाल्या, एक जण हात झटकत मागे पडला, त्याला पाहून बाकीचे अजून चवताळले.

मी उरकुडेकडे गेले. दोराची गाठ रक्तानं घट्ट झाली होती, मला सुटेना. कांताबाईनं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि दोन झटक्यांत गाठ सोडली. उरकुडे तिच्या अंगावर कोसळला. तिनं त्याला पोत्यासारखं धरलं आणि खाली निजवलं.

"फोन संपले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता तुह्या डब्याकडे जातीन ते."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. मान वळवली तोवर पहिला दगड कंटेनरच्या पत्र्यावर आदळला होता.

मी पोचले तेव्हा दार उखडलेलं होतं. सर्व्हर बाहेर धुळीत पडला होता आणि त्यावर दोन माणसं उभी राहून उड्या मारत होती. कौस्तुभला पायांना धरून ओढत आणलं. त्यानं लॅपटॉप छातीशी धरला होता आणि म्हणून तोंड झाकायला त्याला हात नव्हते. नाकावर लाथ बसली तेव्हाचा आवाज मला वीस पावलांवरून ऐकू आला. त्याच्या बरगड्यांवर, मांड्यांवर, जिथं मोकळी जागा मिळेल तिथं लाथा पडत होत्या. मारणारे अगदी गप्प होते. शिव्या भिंतीपाशी देऊन संपल्या होत्या.

दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी त्याच्यावर आडवी पडले. आधीच सुटलेली एक लाथ माझ्या कुशीत बसली. त्यानंतर एकही बसली नाही. सबनीस सरांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता.

"बाजूले व्हा मॅडम," कोणीतरी वरून म्हणालं.

"नाई होत."

"व्हा म्हनलं ना."

"कांताबाईले आना मंग."

कांताबाई आली नाही. ती उरकुडेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिनं हाक ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पोलिसांची गाडी येईपर्यंत मी तशीच पडून होते. माझ्याखाली कौस्तुभ लॅपटॉप सोडत नव्हता आणि त्याच्या नाकातलं रक्त माझ्या मानेवर येत होतं.

*

दुसऱ्या दिवशी सबनीस सर नागपूरहून टॅक्सीनं आले. चंद्रपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघं उभे होतो. कौस्तुभच्या नाकावर पट्टी होती, दोन्ही डोळे काळेनिळे झाले होते. लॅपटॉप शाबूत होता.

"नोंदी आहेत?" सरांनी त्याला विचारलं.

"आहेत."

"काय दिसतं?"

"जे जे बाद झाले त्या सगळ्यांचं 'हजर' यार्डाच्या एकाच कोपऱ्यातून दाबलं गेलंय. कधी कधी दोन फोनवर एका मिनिटाच्या अंतरानं. आणि त्या प्रत्येक वेळी उरकुडेची गाडी यार्डात आहे."

सरांनी मोठा श्वास सोडला. "मग सुटलो आपण. वापरणाऱ्यानं केलेली लबाडी. हे कारखान्याला द्या, एक प्रत पोलिसांना."

"आणि ढवसांना?" मी विचारलं.

"ते त्यांच्या हाती पडेलच. आपला काय संबंध?"

"सर, मला का घेतलंत?"

ते माझ्या गालाकडे बघत होते. तो सुजून कानापर्यंत गेला होता. खोटं बोलायची त्यांना सवय होती, पण त्या वेळी बोलले नाहीत.

"आधीच्या मुलाला बघून आलो होतो. डोकं फोडलं होतं त्याचं. वाटलं, बाई असेल तर हात आवरतील. आणि तुम्हाला नोकरी हवी होती." थोडं थांबून म्हणाले, "चुकलं माझं."

"चुकलं नाही. उपयोग झाला."

कौस्तुभ इतका वेळ जमिनीकडे बघत होता. माझ्यामुळेच ती माणसं कंटेनरकडे वळली हे त्याला माहीत होतं. सकाळीच मी त्याला सांगितलं होतं.

"सर, एक आहे," तो म्हणाला. पट्टीमुळे आवाज नाकात अडकत होता. "फोन सगळे त्या कोपऱ्यातच ठेवलेले असायचे. त्यामुळे जागा तीच दिसणार. बोट कोणाचं होतं ते नोंदीत नसतं."

"तू आत्ता म्हणालास…"

"उरकुडेची गाडी यार्डात होती एवढंच म्हणालो. गाडी बटण दाबत नाही. त्यानंच दाबलं असं लिहून हवं असेल तर मी सही करणार नाही."

सर आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मग कारखान्याला मी सांगू काय?"

"एक बटण कमी पडलं म्हणून सांगा," मी म्हणाले. "पाळी आली आणि माणूस नसला, तर त्याला शेवटी टाकायचं नाही आणि बादही करायचं नाही. बाजूला सरकवायचं. आला की त्याची जागा त्याला. शेजारच्यानं ते बटण दाबलं तरी चालेल असं करायचं. दगडाचा नियम तोच होता."

"हे त्यांच्या मागणीत नव्हतं."

"त्यांना कोणी विचारलंच नव्हतं."

"किती दिवस लागतील?" सरांनी कौस्तुभला विचारलं.

"दिवस?" तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत होईल. फक्त नवीन फोन लागतील."

तो हसला, पण नाकात कळ आली, म्हणून लगेच थांबला.

मी त्या कंपनीत कायम झाले आणि पुढे बरीच वर्षं राहिले. आता मुलाखती मी घेते. मराठीची, भूगोलाची, समाजशास्त्राची मुलं येतात आणि कोडिंग येत नाही हे आधीच घाईनं सांगून टाकतात. काहींना मी घेते. घेताना का घेतलं ते सांगते.

पण त्या दिवशी व्हरांड्यातून मी वॉर्डात गेले, ते राहिलं.

उरकुडे पालथा झोपला होता, पाठीवर मलमाच्या पट्ट्या. शेजारी स्टुलावर कांताबाई डबा उघडून बसली होती आणि चमच्यानं त्याला भाताची पेज भरवत होती. तोंडाची एक बाजू बंद होती, म्हणून पेज अर्धी उशीवर पडत होती.

मला पाहून तो बोलायला लागला. उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आपण किती मोठ्यानं बोलतोय ते त्याला कळत नव्हतं.

"मॅडम, मीच दाबत होतो."

वॉर्डात दुसरेही लोक होते. मी त्याला खुणेनं गप्प केलं. तो गप्प बसला नाही.

"सगळ्याइचे. मले वाटे, वाचन बिचाऱ्याचा नंबर. कालपासून इचार करून राह्यलो. माह्याचमुळं बाद झाले ना ते?"

मी कांताबाईचा हात बघत होते. तीनदा बाद झालेली तिची गाडी होती. ढवस दवाखान्याच्या फाटकापाशीच उभे असलेले मी येताना पाहिले होते. तिनं जाऊन एक शब्द सांगितला असता तरी पुरला असता.

चमचा हवेतच थांबला होता. तिनं तो डब्यात ठेवला, पदरानं उशी पुसली.

"मले समजलं," ती म्हणाली. "तुह्या तोंडातून निंगालं तवाच समजलं. दाबा बे कोनी तरी."

"तवाच?" उरकुडेला नीट ऐकू आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.

"तवाच ताई?" मी विचारलं.

"तं? गाठ कोनं सोडली तुह्या मतानं?"

तिनं पुन्हा चमचा भरला आणि त्याच्या चांगल्या कानाकडे वाकली.

"सरकवाचा राह्यते बाप्पा," ती म्हणाली, "दाबाचा नाई राह्यत. उघड तोंड."